मिलिंदाच्या नाण्यातलं जस्त

चांदीत जस्त निघालं आणि माझा भाऊ चोर ठरला. भोकरदनच्या पोलिसांना यापेक्षा जास्त काही लागलं नाही. त्यांनी कडूबादादाला घरातून उचलून कोठडीत टाकलं. मला जालन्याला निरोप आला तो असा, की तुमच्या भावानं सरकारला खोटं नाणं दिलं आणि खरं परस्पर विकलं.

मी तेव्हा जालन्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. नोकरी नवी होती, राग मात्र जन्माचा. निरोप आणणाऱ्याला मी इतकं फाडून बोलले, की तो बिचारा पाणी न पिताच गेला. त्याचा काय दोष! पण आमच्या दादाला कुणी चोर म्हणावं? शाळेत असताना त्यानं फळ्याजवळ पडलेला खडूचा तुकडासुद्धा कधी घरी आणला नव्हता. मी आणायचे आणि त्याचा मार खायचे.

हे सगळं सुरू झालं दुष्काळाच्या त्र्याहत्तर सालात. सगळा गाव पाझर तलावाच्या कामावर माती खणत होता. तिथं दादाच्या कुदळीला एक मडकं लागलं. ते फुटलं तशी आतून चांदीची बारकी बारकी नाणी निघाली, बहुतेक झिजून गुळगुळीत झालेली. एकच तेवढं धड होतं. त्यावर डोक्याला फीत बांधलेला, सरळ नाकाचा एक राजा आणि भोवती परकी अक्षरं. मी त्या रविवारी घरी होते. अल्फा, म्यू, न्यू ही अक्षरं आम्हा विज्ञानवाल्यांच्या ओळखीची असतात. मी एकेक लावत वाचलं आणि ओरडलेच.

"दादा, हा मिलिंद आहे! आपल्या औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजचा मिलिंद!"

ग्रीकांचा राजा तो. ते त्याला मिनँडर म्हणायचे, आपण मिलिंद म्हणतो. त्यानं नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि उत्तरं पटली तेव्हा त्यांच्यापुढे मान लववली, हे आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. छप्पन साली आमची माणसं बुद्धाच्या वाटेला लागली आणि तेव्हापासून ही नावं घरच्यांसारखी झाली. दादानं ते नाणं तळहातावर घेतलं आणि बराच वेळ नुसता बघत बसला. मग म्हणाला, "सरकारात जमा करायचं हे. पण जयंतीला समद्या वस्तीला दाखवू, मंग देऊ."

तलाठ्याच्या कानावर त्यानं लगेच घातलं. जयंती झाली आणि सगळी नाणी त्यानं भोकरदनला तहसील कचेरीत नेऊन दिली. आम्हाला वाटलं, संपलं.

हिवाळ्यात अहवाल आला. असली ग्रीक नाणी आमच्या बाजूला सहसा सापडत नाहीत, म्हणून औरंगाबादच्या भुजंगराव नावाच्या सरकारी तपासनिसांनी प्रत्येक नाण्याच्या कडेचा कणभर कीस काढून धातू तपासला होता. झिजलेल्या नाण्यांत चांदी होती आणि थोडं तांबं. मिलिंदाच्या नाण्यात मात्र जस्त निघालं, आणि तेही चांगलं भरपूर. जुन्या चांदीत जस्त नसतं. चांदी गाळायच्या भट्टीत ते धूर होऊन उडून जातं. म्हणजे नाणं हल्लीचं. आणि नाणी जमवणारे ज्याच्यासाठी जीव टाकतील, नेमकं तेच एक हल्लीचं! पोलिसांनी काढायचा तो अर्थ काढला.

कोठडीच्या गजांपुढे मी उभी राहिले तेव्हा दादा भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली होती. मला वाटलं होतं मी रडेन, पण तोंडातून वेगळंच निघालं.

"दादा, खरं सांग. नाणं बदललं का?"

तो उठून गजांपाशी आला. "तू इच्यारून राह्यली का पोलिसाच्या वतीनं?"

"मीच विचारतेय. त्यात जस्त आहे, दादा. दोन हजार वर्षांच्या चांदीत जस्त राहत नाही."

"म्हंजे तुह्या इज्ञानाच्या हिशोबानं मी चोर."

"माझ्या विज्ञानाच्या हिशोबानं ते नाणं खोटं. तू नाही."

"एकच झालं ते. मी शप्पथ खात न्हाई, तुला ठावं हाय. न्हाई बदललं. म्या जे खणून काढलं तेच नेऊन देल्लं. आता तुला पटत नसंल तर जा जालन्याला."

मी बाहेर आले. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला जस्त. दोघांपैकी एक खोटं बोलत होता, आणि जस्त खोटं बोलत नाही हे मीच रोज पोरांना शिकवत होते. दोन दिवसांनी भुजंगराव ते नाणं पुरावा म्हणून पोलिसांच्या हवाली करायला येणार होते. एकदा खटला उभा राहिला की आमच्यासारख्यांचं कोण ऐकणार? वकिलाच्या पायऱ्या झिजवण्यात दादाची वर्षं गेली असती.

तडक गावाकडे गेले. केशरवहिनी अंगणात राख घेऊन तांब्या घासत होती. दीड वर्षाचा भिवा तिच्या पदराशी खेळत होता. मी पायरीवर बसले आणि तोंडाची वाफ दवडायला लागले, कारण दुसरं काय करणार?

"एवढं कळलं पाहिजे, वहिनी, की ते जस्त आलं कुठून. ते कळलं तर दादा सुटेल."

"जस्त म्हंजे कसं असतं वं?"

"असतं पांढरट. लोखंडी बादलीवर मुलामा असतो बघ. तुझ्या हातातल्या तांब्यातसुद्धा आहे. पितळ म्हणजे तांबं अन् जस्तच की."

घासणारा हात थांबला. "पितळात ऱ्हातं ते?"

"हो."

"आन् सोनार जोड द्यायला डाख लावतो, त्याच्यात?"

मी पायरीवरून उठले. दोन तुकडे जोडताना सोनार मधे जो वितळणारा धातू घालतो तो डाख. चांदीचा डाख चांदीपेक्षा लवकर वितळावा म्हणून त्यात पितळ घालतात. हे सगळं मला माहीत होतं, फक्त त्या घरात बसून ते सुचलं नव्हतं.

"वहिनी, काय केलंस तू?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. दादा कोठडीत होता, तरी पाहिलं. मग खाली मान घालून एकेक शब्द सांगितला. जयंतीच्या आधी दादा लांबच्या कामावर मुक्कामी होता. भिवाला हगवण लागली आणि ताप चढला. वस्तीत त्या उन्हाळ्यात दोन लेकरं गेली होती. वहिनीनं डब्यातून मिलिंदाचं नाणं काढलं, भोकरदनच्या रामकिसन सोनाराकडून त्याला कडी लावून घेतली आणि काळ्या दोऱ्यात ओवून पोराच्या गळ्यात बांधलं. दादा परत यायच्या आत कडी तोडली, कानशीनं घासली, जागा उघडी पडू नये म्हणून मग सगळी कडच विटकरीच्या भुकटीनं घासून सारखी केली आणि चिंचेनं नाणं लख्ख केलं.

"ताईत केलास तू त्याचा," मी म्हणाले.

"हाव."

आता दादाचं सांगायला हवं. छप्पन साली हा माणूस मिसरूड फुटायच्या वयाचा होता. घरातले देवांचे चांदीचे टाक त्यानं स्वतःच्या हातानं केळना नदीच्या डोहात सोडले होते. तेव्हापासून वस्तीत कुणाच्या गळ्यात गंडादोरा दिसला की हा कात्री घेऊन हजर. सभेत उभा राहून तो ताईत तोडायला लावायचा, म्हाताऱ्या बायका त्याला शिव्या घालायच्या आणि हा हसायचा. त्याच माणसाच्या पोराच्या गळ्यात ताईत, आणि तोही मिलिंदाचा! ज्यानं एकही गोष्ट विचारल्याशिवाय मानली नाही त्याचा!

"चल उद्या माझ्याबरोबर. तहसीलदारांना सांग."

"मी न्हाई येनार."

"वहिनी, तो तुरुंगात जाईल!"

"तुरुंगातून माणूस मागारी येतो, बेबीबाई." तिचे डोळे भरून आले होते. "ह्यांच्या मनातून उतरले, तर मी कुठून मागारी येऊ?"

मला तिचा इतका संताप आला की तो तांब्या उचलून भिरकवावासा वाटला. आणि कीवही तेवढीच आली. मी भोकरदनची एस.टी. पकडली.

रामकिसन सोनारानं तर कानावर हात ठेवले. सरकारी नाण्याला हात लावलाय हे कबूल केलं असतं तर तोच आत गेला असता. "कोन केशरबाई? मी वळखत न्हाई," म्हणाला आणि फुंकणी तोंडाला लावून कामाला लागला. म्हणजे आता माणसांपैकी कुणी बोलणार नव्हतं. धातूकडूनच काय ते वदवून घ्यायचं होतं.

भुजंगरावांना मी औरंगाबादला जाऊन गाठलं. जाड भिंगाचा चष्मा, बोलणं तुसडं. "एकदा निघालेलं जस्त दुसऱ्यांदा निघणार नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

"दुसऱ्या जागेवरून कीस काढला तर नाही निघणार, साहेब. तिथं सोनाराचा जोड होता."

"कुणी पाहिला जोड? मी भिंगाखाली पाहिलंय. सगळी कड एकसारखी गुळगुळीत आहे."

"म्हणूनच. जुन्या नाण्याची कड कधी एकसारखी असते का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी नाण्यांना जखमा करायला नोकरीत नाही, बाई. एकदाच खरवडेन. तुमच्याच कॉलेजात, तहसीलदारांसमोर. जस्त निघालं तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही." मी होकार दिला. नकार द्यायला माझ्याकडे काय होतं?

निघताना मी आणखी एक मागणं घातलं. पहिला कीस त्यांनी कडेला कुठून काढला, ते मला किंवा कुणालाही सांगू नये. ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले आणि मग त्यांनी मान डोलावली. वहिनीला मी निरोप धाडला, पण ती येईल याची मला काडीचीही खात्री नव्हती.

ठरलेल्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत प्राचार्यांनी पोरांना सुट्टी दिली होती. तहसीलदार खुर्चीत बसले होते. मच्छिंद्र नावाचा पोलीस दादाला घेऊन दाराशी उभा होता. दादा माझ्याकडे बघत नव्हता. भुजंगरावांनी नाण्याची डबी टेबलावर ठेवली आणि त्यावर हात ठेवून विचारलं, "कडी लावली म्हणता, ती लावणारी व्यक्ती कुठे आहे?"

"कोनती कडी?" दादानं मान वर केली.

मी दाराकडे पाहिलं. तहसीलदारांनी घड्याळाकडे पाहिलं. "बहीण आहे, भावासाठी काहीही सांगेल," ते पुटपुटले. तेवढ्यात मच्छिंद्र कुणाला तरी म्हणाला, "ओ बाई, आत कुठं चालल्या?"

केशरवहिनी भिवाला कडेवर घेऊन आत आली. धुळीनं पाय माखले होते. तिनं दादाकडे पाहिलं नाही, सरळ टेबलापाशी आली.

"कडी म्या लावली, सायेब. पोराच्या गळ्यात बांधाया."

दादाचा चेहरा मी पाहिला आणि लगेच नजर काढून घेतली.

"कडी कुठे होती?" भुजंगरावांनी विचारलं. डबी अजून बंदच होती.

"राजाच्या डोक्यावर, बराबर मधी. लेकराच्या गळ्यात त्याचं तोंड वाकडं दिसू नये म्हून."

भुजंगरावांनी डबी उघडली, चिमट्यानं नाणं उचलून पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि तहसीलदारांकडे सरकवलं. पहिल्या वेळच्या खरवडण्याची खूण स्पष्ट दिसत होती. राजाच्या डोक्यावर, बरोबर मध्यभागी.

"इथे कड जरा खोलगट होती," भुजंगराव हळूच म्हणाले. "नवी जखम नको म्हणून मी हीच जागा निवडली."

"योगायोगही असू शकतो," तहसीलदार म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण सरकारी होता.

मग भुजंगरावांनी राजाच्या गळ्याखालून कीस काढला. डोळ्यांत तेल घालून बघितल्याशिवाय दिसू नये एवढासा. मी त्यांच्या शेजारी उभी राहून नळ्या पुढे करत होते. तेजाबात कीस विरघळला. मिठाचं पाणी टाकलं तशी चांदी दह्यासारखी खाली बसली. ती गाळून काढली. मग सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू सोडला. मच्छिंद्र नाक धरून खिडकीकडे पळाला, भिवा रडायला लागला, आणि नळीत तांब्याचा काळा साका खाली गेला. तोही गाळला. आता नळीत स्वच्छ पाणी उरलं होतं. त्यात अमोनिया घालून तोच वायू पुन्हा सोडला की जस्त असेल तर पाणी पांढरं गढूळ होतं.

शिकताना आणि शिकवताना मी हा प्रयोग कितीदा तरी केला होता. तरी या वेळी मनात शंका उठल्या. डाखातलं जस्त चांदीत आतवर मुरलं असेल तर? वहिनीनं कड घासताना ते सगळीकडे फासलं गेलं असेल तर? थोडंसं पांढरं दिसलं असतं तरी ते पांढरंच म्हणून लिहिलं गेलं असतं. भुजंगराव वायू सोडत होते, बुडबुडे वर येत होते आणि खोलीतला प्रत्येक माणूस, ज्याला यातलं ओ का ठो कळत नव्हतं तोसुद्धा, त्या नळीकडे बघत होता.

भुजंगरावांनी नळी काळ्या कागदापुढे धरली. बराच वेळ धरली. मग माझ्या हातात दिली.

"तुम्ही सांगा," ते म्हणाले.

पाणी होतं तसं होतं. आरपार दिसत होतं. "जस्त नाही," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. भुजंगरावांनी तहसीलदारांना सांगितलं की नाणं अस्सल आहे, जस्त फक्त जोडाच्या जागी होतं आणि आपण तसं सही करून देऊ. मच्छिंद्रनं दादाचा दंड सोडला.

पण तहसीलदारांनी कागद पुढे ओढला. "चोरीचा आरोप गेला. मात्र सरकारजमा व्हायच्या नाण्याला कडी लावली, ताईत करून घातला, हे मला लिहावं लागेल. शिक्षा नाही, ताकीद देतो. पण ती गावात चावडीवर वाचली जाईल. ताईत करणाऱ्याचं नाव सांगा."

वहिनी पुढे झाली. तिनं तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "माहं लिवा."

"तुमचं?" तहसीलदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "सभा घेऊन ताईत तोडायला लावता ते तुम्हीच ना?"

"हाव, मीच. लेकरू बिमार पडलं, मला भेव वाटलं. म्या बांधला ताईत."

"खोटं हाय, सायेब," वहिनी कळवळून म्हणाली. "ते घरी बी नव्हते."

"तू गप." दादानं तिच्याकडे न बघताच म्हटलं. "लिवा, सायेब. कडूबा तातेराव. बराबर लिवा."

तहसीलदारांना सगळं कळत होतं. भुजंगरावांना कळत होतं, ते उगाच खिडकीबाहेर बघत राहिले. माझा भाऊ जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तेही सरकारी कागदावर सही करून. चावडीवर ते वाचलं गेलं की ज्या म्हाताऱ्यांचे दोरे त्यानं कापले होते त्या पदर तोंडाला लावून हसणार होत्या, आणि पुन्हा कात्री घेऊन उभं राहायला त्याला तोंड उरणार नव्हतं. त्यानं वळणदार अक्षरात सही केली. मला त्याचा फार अभिमान वाटला.

आम्ही स्टँडकडे निघालो. दादा पुढे, भिवाला खांद्यावर घेऊन. वहिनी दहा हात मागे, आणि मधे मी. बराच रस्ता मागे पडला. मग पुढूनच, मान न वळवता, त्यानं विचारलं.

"मंग उतरला का ताप त्यानं?"

"न्हाई," वहिनी म्हणाली. "दवाखान्यात सलाईन लावलं, त्यानं उतरला. मला बी ठावं व्हतं, नाण्यानं काई व्हत न्हाई."

"मंग काऊन बांधलं?"

"तुमी मुक्कामी व्हता. घरात मी आन् तापलेलं लेकरू. कुनीतरी संगं पाहिजे व्हतं ना मला."

दादा रस्त्यात थांबला. मी त्याच्या पुढे निघून गेले तरी तो तिथंच उभा होता, वहिनी त्याच्या बरोबरीला येईपर्यंत.